आत्याबाईंचा हवापालट

शुक्रवार, १३ डिसेंबर १९९६. सकाळपासून तंबू गच्चीवर वाळत घातला आहे.

ओला असा तो नाही. पण वर्षभर माळ्यावर पडून कापडाला कोंदट वास लागतो. म्हणून थंडी सुरू झाली की त्याला एक दिवस ऊन दाखवायचं, शिवणींवर मेणबत्ती घासायची, दोऱ्या ओढून बघायच्या, वाकलेल्या खुंट्या ठोकून सरळ करायच्या. हे काम आपण दोघी करायचो, आत्याबाई. म्हणजे मी करायचे, आणि तुम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाय पसरून माझं काय काय चुकतंय ते सांगायच्या. आज सांगणारं कोणी नव्हतं. काम निम्म्या वेळात झालं. उरलेल्या वेळेचं काय करायचं ते कळेना, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुमच्याबद्दल लिहायचं म्हणजे जन्म कुठला, लेकरं किती, नवरा कधी गेला, असं लिहितात. ते तुम्हाला माहीत आहे. मी सून आहे, मला तंबूबद्दलच लिहिता येईल.

मघाशी पवारवहिनी कपडे वाळत घालायला वर आल्या आणि तंबू बघून थबकल्या.

"मांडव कसला हो?"

"मांडव नाही, तंबू. उद्या कर्नाळ्याला जायचंय."

"म्हणजे... अजून जाणार तुम्ही?"

"परवानगी आधीच काढलेली आहे," मी म्हणाले.

त्या बादली उचलून गेल्या. जाताना आपल्या दारात त्या थांबल्या असणार, कारण थोड्याच वेळात तुमची सुमन वर आली. तेराव्यानंतर सगळे गावाला गेले, सुमनवन्सं राहिल्या आहेत. स्वयंपाकघरात त्या बसतात ती तुमचीच जागा, खिडकीखालची. आईची जागा आहे, लेकीनं बसावं.

"वहिनी, खरं हाय का हे?"

"काय?"

"महिना न्हाई झाला माज्या आईला. आन् तुमी सहलीला निघालाय?"

"सहल नाही हो. दरवर्षीचं आहे."

"दरवर्षी आई हुती! तिला दमा हुता, डाक्टरनं हवापालट सांगितला हुता, म्हणून तुमी नेत हुता. चांगलं केलंत, आमी सगळ्यांस्नी सांगायचो, वहिनी आईचं किती करत्यात. आता कुणाचा हवापालट? आता कुणाच्या नावानं जाताय?"

मी खुंटी ठोकत राहिले. महाप्याच्या कंपनीत इतकी वर्षं स्टोअर सांभाळते आहे. कोणी काही विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही, असं तिथं होत नाही. आज सुचलं नाही. वन्संना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता.

आत्याबाई, दम्याचं त्यांना सांगायला हवं होतं, पण ते सांगणं माझ्या एकटीच्या हातात नाही. त्यात निम्म्या तुम्ही आहात.

तो डॉक्टर कुठला होता? मला तरी कधी भेटला नाही. थंडीत खोकला व्हायचा तुम्हाला, तो इथं सगळ्यांनाच होतो. कंपनीची कर्नाळ्याला सहल होती, कुटुंबासह, म्हणून तुम्हाला घेऊन गेले होते. पोहे झाले, संगीत खुर्ची झाली, माणसं पत्ते कुटत बसली. निघायच्या वेळी तुम्ही सापडेनात. शोधत गेले तर आत, ओढ्याच्या अंगाला, एका झाडाला टेकून बसलेल्या होतात. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, देवळात ठेवाव्यात तशा.

"चला आत्याबाई, बस थांबलीय."

"तू जा. मी उद्या येते."

"उद्या? इथं रात्री राहत नाहीत."

"का? झाडं कुठं जात्यात रातची?"

बसमधून साहेबांची बायको हाका मारत होती. मी तुम्हाला अक्षरशः हाताला धरून उठवलं. घरी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आणि रात्री जेवताना, तुमच्या मुलापुढे, भाकरी मोडत म्हणालात, "डाक्टर म्हनला, झाडाखाली दोन राती काढल्या तर दमा जाईल."

"कुठला डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"तुला काय करायचंय कुठला? शैलाला ठावं हाय."

आणि माझ्याकडे बघितलंत. माझ्या स्टोअरमधून एक नट चिठ्ठीशिवाय बाहेर जात नाही. पण त्या दिवशी मी म्हणाले, "हो, सांगितलंय." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आपण दोघी एका बाजूला पहिल्यांदाच.

मग साइटवरून परत आलेला हा जुना तंबू मी कंपनीच्या भंगारातून सोडवून आणला, वनखात्याच्या कचेरीत जाऊन परवानगी काढली, आणि पुढच्या थंडीत आपण गेलो.

पहिल्या वर्षी तुम्ही जे केलंत ते आठवलं की मला आजही हसू येतं, आणि आज हसायची सोय नाही, खाली वन्सं आहेत. मी तंबूचे खांब जोडत होते. तुम्ही कुठून तरी वाळक्या फांद्यांचा झाडू बांधलात आणि तंबूपुढची सगळी जागा झाडून काढलीत. चांगली अंगणाएवढी. मग ओढ्यावरून तांब्या भरून आणून सडा घातलात. शेण नाही म्हणून हळहळत होतात, तेवढ्यात गजानन आला. तिथला वनखात्याचा माणूस, तोंडात कायम काडी. त्यानं ती जागा बघितली आणि काडी पडली त्याची.

"आजी, ह्या काय? इथं लगीन हाय का कोनाचं?"

"बाबा, माणसं झोपायची जागा. केरात झोपायचं व्हय?"

"केर नाय तो, पाला हाय. जंगलाचा हाय. पाल्यावर जनावराचा पाय वाजतो, म्हनून रातचा कळतो काय येतंय ते. तुमी साफ केलात, आता काय कळनार?"

"मग तुज्या जनावरांस्नी सांगून ठेव, खाकरत या म्हणावं."

तो गेल्यावर मात्र तुम्ही मुकाट्यानं सगळा पाला परत पसरलात. पदरातून आणून आणून. मी मदतीला आले तर म्हणालात, "तू खांब बघ. ह्यो माजा उद्योग हाय." दुसऱ्या दिवसापासून गजानन तुमचा झाला. त्याला तुम्ही ठेचा दिलात, त्यानं तुम्हाला माकडांपासून भाकऱ्या कशा लपवायच्या ते दाखवलं. मला तो अजून "मॅडम" म्हणतो.

किल्ल्यावर मात्र तुम्ही एकदाही आला नाहीत. हे आपलं दरवर्षीचं एक भांडण. मला डोंगर दिसला की वर जायचं असतं. अर्धी वाट चढून एक मोकळी जागा आली की तुम्ही बसायच्या.

"चला, आता थोडंच राहिलंय."

"वर काय हाय?"

"किल्ला."

"किल्ल्यात कोण ऱ्हातं?"

"आता कोणी नाही."

"मग कुणाच्या घरला जायचं? कुणी नसताना दार वाजवून यायची सवय न्हाई मला."

मी चिडून एकटी वर जायचे. वर सुळक्याला आग्या माश्यांची पोळी लटकलेली, म्हणून त्याच्यापासून अंतर राखून बसायचं. तिथून पनवेलच्या बाजूची खाडी दिसते, दुपारच्या उन्हात पत्र्यासारखी. बराच वेळ बसून खाली यायचे, तर तुम्ही ज्या जागी सोडल्या त्याच जागी, त्याच अंगावर बसलेल्या. मी म्हणायचे, कंटाळा नाही का आला. तुम्ही म्हणायच्या, तू लवकर आलीस. मला तो टोमणा वाटायचा.

लोकांना वाटतं, सासू-सुनेचं फार जमायचं. जमायचं कुठलं. तुम्ही माझ्या स्टोव्हला नावं ठेवायच्या, रॉकेलचा वास भाकरीला लागतो म्हणून. मी तुमच्या गाठोड्याला नावं ठेवायचे. दोन रात्रींसाठी तुम्ही घेतलेल्या भाकऱ्या बघून पनवेलच्या स्टँडवर एका कंडक्टरनं विचारलं होतं, "आजी, खानावळ टाकताय काय?" आपण भांडत जायचो आणि भांडत यायचो. पण मला कंपनीतली नोकरी लागली तेव्हा घरात सगळे गप्प झाले होते. बाईनं कारखान्यात जायचं म्हणजे काय, असा तो गप्पपणा होता. तेव्हा तुम्ही चुलीपुढून, मान वर न करता म्हणालात, "जाऊ द्या तिला. घरी बसली तर माजं डोकं खाईल." त्या एका वाक्यावर मी आजवर पगार आणते. मी तुमचे आभार मानले नव्हते. मानले असते तर तुम्ही दुसरं काही तरी लागट बोलला असतात.

दशक्रियेला खाडीच्या कडेला गेलो होतो. तुमच्या मुलानं पिंड ठेवला, भटजी मागे सरकायच्या आत कावळा आला. लगेच. मागे दुसऱ्या कुणाचे लोक ताटकळत बसले होते, हात जोडून कसली कसली वचनं देत होते, आणि आपल्याकडे एक सोडून तीन कावळे. वन्संनी डोळ्याला पदर लावला. "तृप्त गेली गं माजी आय. काय बी राह्यलं न्हाई तिचं." सगळ्यांनी माना हलवल्या. तुमचा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "सुटली."

त्या किनाऱ्यावर कावळ्यांना काय तोटा? रोज दहा घरचं जेवतात ते. आत्याबाई, तुमचं राहिलं होतं. काय राहिलं होतं ते मला माहीत आहे, आणि फक्त मलाच.

गेल्या थंडीतली गोष्ट. ऊन उतरलं होतं, आपण तंबूपुढे बसून जेवून घेत होतो, कारण अंधारात ताटात काय आहे ते दिसत नाही म्हणून तुम्ही आधी जेवायच्या. तुम्ही म्हणालात, "आज मी भाइर निजते."

हे तुम्ही दरवर्षी म्हणायच्या आणि मी दरवर्षी नाही म्हणायचे.

"बिबट्या आहे, आत्याबाई."

"त्याला माजं काय करायचंय? निसती हाडं."

"थंडी आहे. खोकाल."

"खोकले तर तुलाच ऐकू येईल, जिती हाय म्हणून."

"उद्या काही झालं तर तुमच्या मुलाला मी काय सांगू?"

"त्यो कवा इचारतो मला काय पायजे ते?"

"बरं, मी विचारते. काय पाहिजे?"

तुम्ही हात धुतलेत. पदराला पुसलेत. हायवेवरचे ट्रक त्या जागी ऐकू येतात, झाडांच्या पलीकडून, घाटात आवाज बदलतात. एक ट्रक पूर्ण जाईपर्यंत तुम्ही थांबलात.

"लगीन झालं तवा घरात चौदा माणसं," तुम्ही म्हणालात. "तुजं मामंजी हितं मुंबैला गोदीत. निजायला जागा म्हंजी जावांच्या मधी, कुशीवर वळायचं तर सगळ्यांनी वळायचं. नाचणी पोटरीला आली की रानडुकरं यायची. रातीचं राखणीला माळ्यावर कोण जानार? नवी सून. चार बांबू, वर गवात, हातात पत्र्याचा डबा. एकटी. शेजारच्या बाया म्हनायच्या, काय सासू हाय का कसाई, एवढ्याशा पोरीला रानात धाडती."

"भीती नाही वाटायची?"

"पयल्या राती वाटली. मग..." तुम्ही हसलात. दात नव्हते तिथं जीभ लावून हसायच्या तसं. "मग मी वाट बघायची, कवा दिवस मावळतो त्याची. माझ्याशी कुणी बोलायचं न्हाई. कुणी हाक मारायचं न्हाई. आभाळ, आन् मी. चार वरसं. मग पोरं झाली, मग काय. त्याच्यापुढं एकली अशी मी कवाच निजले न्हाई. गावाकडं न्हाई, हितं तर न्हाईच."

मी ताटं एकात एक ठेवली.

"कुणाला सांगितलं न्हाई हे. सासूला कळलं असतं, हिला आवडतंय, तर दुसरीला धाडली असती."

आणि पुन्हा म्हणालात, "निजू का भाइर?"

मी नाही म्हणाले.

मी आजही म्हणते, मी बरोबर होते. तुमचं वय, ती थंडी, आणि गजाननानं त्याच दुपारी ओढ्यावर पंज्याचा ठसा दाखवलेला. कोणीही शहाणी सून नाहीच म्हणाली असती. "पुढच्या वर्षी बघू," एवढं मात्र म्हणाले. तुम्ही आत आलात, माझ्याकडे पाठ केलीत. हे भांडण संपलेलं नाही. तुम्ही असतात तर उद्या पुन्हा सुरू केलं असतंत, आणि मला पुन्हा बरोबर ठरायला मिळालं असतं.

आणि तुम्ही गेलात त्या रात्री आपल्या दोन खोल्यांत किती माणसं होती! दिवाळीला आलेले पाहुणे अजून हलले नव्हते. हाताला हात लागेल अशी अंथरुणं. तुम्ही मधोमध. सकाळी चहा घेऊन मीच हाक मारली. एवढ्या माणसांत तुम्ही कधी गेलात ते एकाला कळलं नाही.

आता जे लिहिते आहे ते या महिन्यात कळलेलं आहे, आधी नाही. मला वाटायचं मी तुम्हाला नेते. म्हाताऱ्या माणसाला करमत नाही, सोसायटीत बोलायला कोणी नाही, म्हणून नेते. आणि तुम्हाला वाटायचं तुम्ही मला नेता. सून एकटी डोंगरात तंबू ठोकून राहते म्हटलं तर तिला घराबाहेर काढतील, पण सासूला घेऊन गेली तर तिला ओवाळतात. सासूनं एकटं जायचं म्हटलं तर म्हातारीला चळ लागला म्हणतील, पण सूनबाईबरोबर गेली तर दम्याचं औषध होतं. दोघींना एकटं राहायचं होतं. त्यासाठी दोघींनी एकमेकींना सोसलं. किल्ल्यावर मी, खाली मोकळ्या जागेत तुम्ही. "तू लवकर आलीस" हा टोमणा नव्हता.

हे तुम्हाला कळलं होतं का? मला वाटतं, त्या पहिल्या रात्री भाकरी मोडताना माझ्याकडे बघितलंत तेव्हाच कळलं होतं. मी स्वतःला हिशेबी म्हणवते आणि मला इतकी वर्षं लागली.

तर आता मला एकटं राहता येईल. कोणाच्या स्टोव्हवरून भांडण नाही, कोणासाठी थांबायला नको. संध्याकाळी महाप्याहून येते, पिशवी ठेवते. "काय, आज कुणाशी भांडून आलीस?" असं विचारायच्या तुम्ही, रोज, खिडकीखालून, आणि मला चीड यायची की जणू मी भांडायलाच जाते. परवा एका ट्रान्सपोर्टवाल्याशी असं भांडण झालं की तुम्ही पोट धरून हसला असतात. ते तसंच घेऊन घरी आले. वन्संना त्यातलं काही कळलं नसतं, तुमच्या मुलाला झोप आली होती. दुसऱ्या दिवशी ते भांडण मला पहिल्यासारखं आठवेनासुद्धा.

तेव्हा प्रश्न असा आहे की मी उद्या जायचं की नाही. नाही गेले तर कोणाचं काही बिघडत नाही. वन्सं खूश होतील, पवारवहिनी म्हणतील शहाणी आहे. वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं, मग त्यापुढं काही तरी निघेल, मग तंबू माळ्यावर कुजेल. एकदा या वर्षी नाही गेले तर पुन्हा कधी जाणार नाही, हे मला माझ्याबद्दल चांगलं माहीत आहे. आणि गेले, तर वन्संच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल. कुणाच्या नावानं?

दिवस कलल्यावर तुमचा मुलगा वर आला. मार्केटवरून सरळ, अंगाला कांद्याचा वास. सुमननं खाली गाठलंच असणार. मी कापडाची घडी घालत होते, वारा होता, ती नीट बसेना. त्यांनी दुसरं टोक धरलं. आयुष्यभर गोणी उचललेला माणूस, घडी चांगली घालतात.

"सुमी रडतीय."

"माहीत आहे."

"मी येऊ का बरोबर?"

खरं सांगायचं तर तोंडावर 'या' आलं होतं. "तुम्हाला यायचंय?"

"न्हाई," ते म्हणाले. "पण तू एकटी..."

"मग नका येऊ."

आम्ही दोरी गुंडाळली. त्यांनी खाली रस्त्याकडे बघितलं, मग म्हणाले, "तिला सांगू का, आईचा काय तरी नवस राह्यलाय म्हणून? तिथं नारळ ठिवायचाय, असं? म्हंजी ती बोलायची न्हाई."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. तुमचंच नाक, तुमचीच युक्ती. नवा डॉक्टर. आणि चाललं असतं. वन्संनी स्वतः नारळ आणून पिशवीत घातला असता. दरवर्षी एक नारळ, आणि तुमचं नाव, आणि मी मोकळी.

"नको," मी म्हणाले. "शैलाला जायचंय म्हणून जातेय, असं सांगा."

"एवढंच?"

"एवढंच."

"अवघड हाय," ते म्हणाले. मग तंबूचं बोचकं खांद्यावर घेऊन जिना उतरले. कमरेच्या दुखण्यानं त्यांना वजन उचलायची बंदी आहे, पण मी त्यांना उचलू दिलं.

इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. पुढचं आज, रविवारी, परत आल्यावर लिहिते आहे. रात्रीचं मी घरी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगत नाही. शनिवारी सकाळचं तेवढं सांगते.

मी उठले तेव्हा वन्सं जाग्या होत्या. भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. "येते," मी म्हणाले. तुमचा मुलगा रिक्षापर्यंत आला. खांब आणि कापड दोन्ही एकटीकडे असलं की पाठीवर फार होतं, पण होतं. पनवेलला पेणची गाडी मिळाली. कंडक्टरनं "कर्नाळा? एकट्या?" म्हणून विचारलं आणि मी "एक" एवढंच म्हणाले.

फाटकाशी गजानन होता. गुरं आत शिरतात म्हणून ते फाटक लावलेलं असतं, माणूस आला की तो उघडतो. त्यानं मला लांबून ओळखलं, काडी तोंडातून काढली, फाटक उघडलं. मी आत गेले. त्यानं ते बंद केलं नाही. एका हातानं धरून, मान बाहेर काढून रस्त्याकडे बघत उभा राहिला. बसमधून उतरल्यावर तुम्ही आधी पलीकडच्या टपरीवर बशीतून चहा प्यायच्या, मग पदर सावरून, गाड्यांना हात दाखवून रस्ता ओलांडायच्या, आणि तोवर मी पुढे आलेली असायची. त्याला ती सवय होती.

"आजी चाय पितान का?" त्यानं विचारलं. "मॅडम, त्यांना रस्ता एकटीला नका देऊ पार करायला. ट्रक लय झालेन आता."

मी पाठीवरचं ओझं खाली ठेवलं. मग त्याला सांगितलं. जेवढं सांगायचं तेवढंच, दोन वाक्यांत.

त्यानं टपरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फाटक तसंच सोडून बाजूच्या दगडावर जाऊन बसला. काडी हातातच होती.

फाटक उघडं राहिलं होतं. रस्त्याच्या कडेनं दोन म्हशी येत होत्या. मी परत मागे गेले, ते ओढून घेतलं, आणि आतून कडी घातली.